गिरणारे शिवारात पुरलेला मॅग्नेटोमीटर: प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, जागेची पाहणी

मॅग्नेटोमीटर म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र. त्याने मोजायचं काय ते आधी. चुंबकावरणात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशात, वादळ आलं की पृथ्वीभोवती फिरणाऱ्या भारित कणांचा वलयप्रवाह वाढतो आणि जमिनीवरच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक खाली येतो. नाशिकला हा आडवा घटक ३८ हजार नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास आहे. मोठ्या वादळात त्यातले दोन-तीनशे जातात, म्हणजे एक टक्काही नाही. शांत दिवशी आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, प्रवाहामुळे तोच घटक दुपारआधी तीस-पन्नासने चढतो आणि संध्याकाळी उतरतो. हे दोन्ही दिसायचं तर मिनिटाच्या सरासरीत एक नॅनोटेस्लाचा भरवसा हवा, आणि तो महिनोन्‌महिने टिकायला हवा. पहिली अट पैशाने भागते. दुसरी जीव खाते.

शहरातली गच्ची बाद. स्लॅबमधलं लोखंड, खालचं पार्किंग आणि लिफ्ट यांतच दिवसाला कित्येकशे नॅनोटेस्लाची ये-जा होते. नाशिकजवळ गिरणाऱ्याकडे द्राक्षबागेच्या कडेची जागा सोयीची वाटली होती, तीही सोडावी लागली. मांडवाचे अँगल जागेवर उभे आहेत तोवर त्रास नाही, पण त्यांच्यावर ताणलेल्या तारा वाऱ्याने हलतात. शिवाय ऑक्टोबर छाटणी झाली की औषध फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर रोजच बागेत असतो.

ट्रॅक्टर किती लांब हवा, ते मोजून ठरवलं. सेन्सर लाकडी फळीवर ठेवला, लॅपटॉप लांब नेला आणि ट्रॅक्टर टप्प्याटप्प्याने मागे घ्यायला सांगितला. १० मीटरवर परिणाम साठेक नॅनोटेस्ला, २० मीटरवर सात-आठ, ४० मीटरवर जेमतेम एक. अंतर दुप्पट केलं की परिणाम आठवा हिस्सा, हा नियम शेतातही तंतोतंत लागू पडतो. मोटारसायकल १० मीटरवर तीनेक दाखवते. म्हणून वाटेपासून किमान ४० मीटर ही अट पक्की केली आणि बांधापलीकडचा मुरमाड माळ धरला.

काळ्या पाषाणाबद्दल बरेच जण घाबरवतात. आपला बेसाल्ट चुंबकीय आहे हे खरं, सेन्सर एक पाऊल सरकवला तरी आकडा शेकड्यांनी बदलतो. पण दगड हलत नाही. आपल्याला बदल मोजायचा आहे, मूळ आकडा नाही. घातक आहे ती काळी माती: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेली नळी तिरपी करते. नळी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, कलली की उभ्या घटकातले सहाएक नॅनोटेस्ला आडव्या घटकात येऊन बसतात. उभ्या अक्षाभोवती तेवढीच फिरली तर पूर्व-पश्चिम घटकात अकरा. म्हणून मुरूमच बरा.

२५ ऑगस्ट २०२४, सेन्सर आणि तारा

सेन्सर आरएम३१००, तीन अक्षांचा. फ्लक्सगेट प्रकारचा सेन्सर याहून सरस, पण किंमत अनेक पटींनी जास्त. मोबाइलमधला चुंबकीय सेन्सर या कामाचा नाही, त्याची एक पायरीच, म्हणजे दाखवता येणारा सर्वांत लहान फरक, शंभर-दीडशे नॅनोटेस्लाची असते. आरएम३१०० चा सायकल काउंट (एका मोजणीत किती आवर्तनं मोजायची तो आकडा) २०० असतो तेव्हा पायरी १३ नॅनोटेस्लाची. ४०० केला की साधारण पावणेसात. पायरी पावणेसातची आणि भरवसा एकचा, हे कोडं वाटेल. उत्तर गोंगाटात आहे. प्रत्येक मोजणीतला गोंगाट पायरीहून मोठा असल्यामुळे आकडे दोन-तीन पायऱ्यांत उड्या मारतात आणि पुष्कळ मोजण्यांची सरासरी पायरीच्या आत उतरते. गोंगाट नसता तर सरासरी घेऊनही आकडा त्याच पायरीवर अडकला असता.

सेन्सरच्या रजिस्टर (आतल्या स्मृतीचे क्रमांकित खाने) ०४ ते ०९ मध्ये तिन्ही अक्षांचा काउंट लिहायचा: वरचा बाइट हेक्स ०१, खालचा ९०. सेन्सरचा पत्ता हेक्स २० ते २३, बोर्डवरच्या दोन पिनांनी ठरतो. रजिस्टर ३६ वाचून २२ आलं नाही तर पुढे जाऊ नका, तार तपासा.

ईएसपी३२, म्हणजे सेन्सर वाचणारा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर, सेन्सरजवळ ठेवायचा नाही. वायफाय चालू असताना त्याचा प्रवाह झटक्यांनी दोनशे मिलिअँपियरच्या वर जातो, आणि एकट्या तारेतला नुसता शंभर मिलिअँपियरचा बदल १० सेंटिमीटरवर दोनशे नॅनोटेस्ला देतो. म्हणून मधलं अंतर १२ मीटर ठेवलं आणि तिथेच आय-टू-सी, म्हणजे या दोघांमधली डेटा आणि क्लॉक अशा दोन तारांची बस, कोलमडलं. या बसला तारांची विद्युत धारिता ४०० पिकोफॅरडपर्यंतच झेपते. नेटवर्क केबल मीटरला पन्नासेक पिकोफॅरड घेते, म्हणजे १२ मीटरला ६००. वेग १० किलोहर्ट्झवर आणून वाचन सुरू झालं, पण अधूनमधून एखादा बाइट सरकायचा आणि आकडा हजारोंनी उडायचा. असल्या उड्या प्रोग्रॅममध्ये गाळता येतात, मात्र लहान उडी खऱ्या नोंदीत मिसळली तर ओळखता येत नाही. दोन्ही टोकांना पी८२बी७१५ बफर (लांब तारेसाठी संकेत बळकट करणारा तुकडा) लावल्यावर हा प्रश्न सुटला.

केबलमधल्या तारांच्या जोड्या कशा वापरायच्या, यावर बरंच अडतं. डेटा आणि क्लॉक एकाच पिळलेल्या जोडीत घालू नका, एकाचा खडखडाट दुसऱ्यात उतरतो. डेटासोबत ग्राउंड आणि क्लॉकसोबत ३.३ व्होल्ट, अशी वाटणी ठेवा. सेन्सरच्या टोकाला नेटवर्कचा प्लग नको. त्याच्या पिनांवर सोन्याखाली निकेल असतं, शिल्डवाल्या प्लगला तर पत्र्याचं कवच. तारा सरळ डाग देऊन जोडाव्यात.

८ सप्टेंबर २०२४, खोट्या लहरी

सेन्सर अजून जमिनीवर, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात. सेकंदाला २५ मोजण्या घेऊन त्यांची सरासरी लिहीत होतो. आलेखावर वीस सेकंदांच्या आसपास आवर्तन असलेली सुरेख लहर उमटली, पाच-सहा नॅनोटेस्लाची, कधी जवळ तर कधी लांब सरकणारी. चुंबकावरणातून येणाऱ्या, पीसी-३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चुंबकीय स्पंदनांचं आवर्तन १० ते ४५ सेकंद असतं, त्यामुळे लहर खरी मानायचा मोह होतो. पण आपल्या अक्षांशावर ती स्पंदनं सहसा एक नॅनोटेस्लाच्या आतली. पाच-सहा हा आकडाच संशयाचा.

लाइट गेली आणि लहर त्याच सेकंदाला थांबली.

कारण असं. विजेची वारंवारता नेमकी ५० हर्ट्झ नसते, आपल्या ग्रिडमध्ये ती साधारण ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान डोलते. सेकंदाला २५ वेळा मोजलं की ५० चा हिशेब बरोबर दुपटीत बसतो आणि उरतो तो फक्त फरक. वारंवारता ४९.९५ असेल तर फरक ०.०५ हर्ट्झ, म्हणजेच वीस सेकंदांची लहर. वारंवारता सरकली की लहरीचं आवर्तनही सरकतं. चुंबकीय क्षेत्र येत होतं विहिरीवरच्या सिंगल फेज मोटारीकडून. तिचं न्यूट्रल नीट नव्हतं, परतीचा थोडा प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीतून जात होता. नुसता दोन अँपियरचा असा बिनजोडीचा प्रवाह साठ मीटरवर साडेसहा नॅनोटेस्ला देतो. नीट जोडणीत जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी-शेजारी राहून एकमेकांना पुसून टाकतात.

उपाय दोन. मोटारीचं न्यूट्रल वायरमनकडून दुरुस्त करून घेतलं, ते तसंही धोक्याचंच होतं. मोजण्या सेकंदाला ४० केल्या. आता ५० हर्ट्झची सावली १० हर्ट्झवर पडते आणि सेकंदाच्या सरासरीत विरून जाते. ४०० काउंटला तिन्ही अक्षांच्या मोजणीसाठी चौदाएक मिलिसेकंद लागतात, ४० च्या वेगात त्या आरामात बसतात. सेन्सरचं स्वतःचं सतत-मोजणीचं घड्याळ वापरू नका, त्याचे वेग ठरीव आहेत आणि अचूकही नाहीत. ईएसपी३२ च्या टायमरने दर २५ मिलिसेकंदांनी रजिस्टर ०० मध्ये ७० लिहून एकेक मोजणी मागवायची. २५ आणि ५० हे दोन वेग आपल्या देशात वर्ज्य समजा.

१५ सप्टेंबर २०२४, तापमान

डब्यातल्या सेन्सरचा दिवसाचा आलेख अगदी पुस्तकातल्यासारखा दिसत होता: सकाळी चढ, दुपारी शिखर, रात्री सपाट. फक्त शिखर अडीच-तीनला. आयनांबरातल्या प्रवाहाचं शिखर आपल्याकडे स्थानिक वेळेने अकराच्या सुमारास असतं. नाशिकचा सूर्य घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे, म्हणजे घड्याळात ते साडेअकराला दिसायला हवं. अडीचला शिखर आलं तर ते हवेच्या तापमानाचं, आकाशाचं नाही.

खातरजमेसाठी सेन्सर थर्माकोलच्या खोक्यात ठेवून शेजारी गरम पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या ठेवल्या. एमसीपी९८०८ तापमापक सेन्सरला चिकटवलेला होता. या सेन्सरला आडव्या अक्षावर अंशाला चार-पाच नॅनोटेस्लाचा सरकाव निघाला. दिवसात डबा पंधरा अंश तापला की साठ-सत्तर नॅनोटेस्लाची खोटी टेकडी. खरी टेकडी तीस-पन्नासची, ती तिच्याखाली गाडली जाते.

गणिताने भरपाई करण्याचा नाद धरू नका. तापमापक बोर्डाचं तापमान सांगतो, सरकाव आतल्या कॉइलमुळे होतो आणि दोन्ही एका वेळी तापत नाहीत. जमिनीत दिवसाची उष्णता दर दहा-बारा सेंटिमीटरला एक-तृतीयांशाच्या जवळपास उरते. मीटरभर खोलीवर काहीच पोचत नाही. ऋतूचा सरकाव पोचतो, पण तो इतका सावकाश की वादळाच्या दोन-तीन दिवसांत आड येत नाही. खड्डाच खरा उपाय.

२९ सप्टेंबर २०२४, पुरणं

चार इंची पीव्हीसी नळी, खाली सोल्व्हंट सिमेंटने बसवलेली टोपी. आत दोन इंची नळी, तिच्यात ॲक्रिलिकच्या पट्टीवर सेन्सर. स्क्रू पितळी. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चुंबकाला चिकटत नाहीत म्हणतात. आणलेल्यांतले बरेचसे चिकटले. स्टील थंड अवस्थेत दाबून स्क्रू घडवताना त्यात चुंबकत्व येतं. केबल ग्लँडचा लॉकनटही तपासा, वरून प्लॅस्टिक आणि आत लोखंड असा प्रकार मिळाला.

नळीच्या आतली पोकळी वाळूने भरू नका. गोदावरीच्या वाळूत काळे कण असतात, चुंबक फिरवला की मिशा फुटल्यागत चिकटतात. वाळू खचत गेली की आकडा सरकत जातो. आत थर्माकोलचे तुकडे कोंबले; बाहेर खड्ड्यातलाच बारीक मुरूम, थराथराने पाणी मारून धुमसाने चोपला.

दिशा होकायंत्राशिवायच लावता येते. पूर्व-पश्चिम अक्षाचा आकडा लॅपटॉपवर बघत नळी फिरवायची आणि तो शून्याजवळ आला की थांबायचं. शंभर नॅनोटेस्लाच्या आत आला तरी चूक एक-षष्ठांश अंशाहून कमी. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, पण इथे खरी उत्तर लागतच नाही. आता उत्तरेचा अक्ष थेट आडवा घटक देतो. सपाटीसाठी गवंड्याची पाणसळ पुरते. मात्र ती ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची घ्या आणि बघून झाल्यावर लांब नेऊन आकडा पुन्हा पाहा. पहार आणि टिकावही खड्ड्यापासून दूर.

आधीची घरगुती केबल वाया गेली. सालीवर कुठेही छिद्र नव्हतं, तरी वरच्या टोकाकडून पाणी आतल्या तारांच्या फटीतून झिरपत नळीत उतरलं आणि बफरच्या पिना हिरव्या पडल्या. आता जेल भरलेली बाहेरच्या वापराची केबल टाकली आहे, वरचं टोक उलट्या यू आकारात वळवलं आहे. बोर्डवर वॉर्निशचा थर, नळीत सिलिका जेलची पुडी.

६ ऑक्टोबर २०२४, सौर पॅनेल

तापमान गेलं तरी दिवसाची एक छोटी टेकडी राहिलीच होती, पाचेक नॅनोटेस्लाची. ढग आला की खाली, ऊन पडलं की वर, तेही सेकंदांत. आयनांबर ढगाला दाद देत नाही. पॅनेलच्या दोन तारा एकमेकींपासून हातभर अंतर सोडून सेन्सरच्या बाजूने गेल्या होत्या. चार्जिंगचा अँपियरभर प्रवाह उन्हाबरोबर चढत-उतरत होता. तारा पिळून एकत्र केल्या, पॅनेल आणि बॅटरी केबलच्या दुसऱ्या टोकाला ईएसपी३२ जवळ नेली. टेकडी गेली.

पॅनेल २० वॅट, बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपियर-तास. वायफाय बंद ठेवला की खप अर्धा वॅट. बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरू दिली तरी साडेतीन दिवस ढगाळ हवा निभावते.

एसडी कार्डावर फाइल सतत उघडी ठेवू नका. पुरवठा तुटला की दिवसभराची फाइल शून्य बाइटची होते. दर मिनिटाला उघडा, ओळी जोडा, बंद करा.

१० आणि ११ ऑक्टोबर २०२४, वादळ

९ तारखेला सूर्यावर एक्स, म्हणजे सर्वांत तीव्र, वर्गाचा भडका होऊन भारित कणांचा मोठा ढग इकडे निघाला होता. १० तारखेला जागतिक वेळेनुसार दुपारी सव्वातीनच्या, म्हणजे आपल्या रात्री पावणेनऊच्या सुमारास त्याचा धक्का पोचला. आडवा घटक काही मिनिटांत झपकन वर गेला. सौरवाऱ्याने चुंबकावरण दाबलं की त्याच्या सीमेवरचा प्रवाह वाढून जवळ येतो; हा चढ त्याचा. मग उतार लागला आणि पहाटेपर्यंत घसरण दोनशेच्या बरीच पुढे गेली.

त्याच संध्याकाळी नवरात्राच्या कार्यक्रमाला आलेली एक पिकअप माळाच्या कडेला उभी राहिली, त्यामुळे फाइलमध्ये आणखी एक उडी आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. गाडीची उडी तिन्ही अक्षांवर, दोन-तीन सेकंदांत संपणारी, आणि गाडी निघाली की तेवढीच उलटी. वादळाची उडी मुख्यतः आडव्या घटकात, मिनिटांत चढणारी, आणि तिला उलट जोडीदार नाही. नुसता आडवा घटक नोंदवून बाकीचे दोन वगळणारे प्रोग्रॅम दिसतात. तसं केलं तर हा फरक कळायचा मार्गच उरत नाही.

या वादळात जपानमधल्या क्योतोहून जाहीर होणारा डीएसटी निर्देशांक, म्हणजे वादळाची जागतिक तीव्रता सांगणारा आकडा, उणे ३३० नॅनोटेस्लाच्या आसपास उतरला. मे २०२४ चं वादळ याहून खोल होतं, उणे ४०० च्या पुढे. आपला आकडा डीएसटीशी जुळत नाही म्हणून सेन्सरचा गुणक फिरवायला जाऊ नका. तो निर्देशांक हर्मानस, काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन या चार ठिकाणांची सरासरी आहे. वादळ भरात असताना वलयप्रवाह सगळीकडे सारखा नसतो. सूर्यास्ताच्या बाजूला दाट, पहाटेच्या बाजूला विरळ. या रात्री आपण मध्यरात्र ते पहाट या भागात होतो.

२० ऑक्टोबर २०२४, अलिबागशी ताळा

ताळा करायचा तो अलिबागशी. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची ती वेधशाळा १९०४ पासून नोंदी घेते आणि तिचा डेटा आंतरराष्ट्रीय जाळ्यावर मिळतो. आधी हे काम कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळा खाडीपार हलवावी लागली. १८५९ च्या महावादळाची कुलाब्याची नोंद आजही अभ्यासली जाते, तिच्यात आडवा घटक सुमारे सोळाशे नॅनोटेस्लाने पडलेला दिसतो. लोखंड आणि विजेपासून पळणं हे या कामात तेव्हापासून चालत आलं आहे.

दोन फाइली एकमेकींवर ठेवताना दोन गोष्टी जपा. वेळ जागतिकच लिहा. साडेपाच तासांची गफलत एकदा फाइलीच्या नावात शिरली की निस्तरता येत नाही. घड्याळाचं डीएस३२३१ मॉड्यूल वर्षात मिनिटभर सरकू शकतं, म्हणून जीपीएसवरून रोज एकदा मिळवून घ्या. आणि मूळ आकडे वजा करून शून्यावर आणा. मध्यरात्रीच्या शांत तासाची सरासरी दोन्हीकडून काढली की उरलेल्या रेषा तुलनेला येतात. वादळाआधीच्या शांत रात्रीचा तास घ्या, वादळातला नको.

अलिबागच्या रेषेपासून मिनिटाच्या सरासरीत फरक बहुतेक वेळ दोन-तीन नॅनोटेस्लाच्या आत आहे. उरलेल्या फरकात खरी भौगोलिक तफावत किती आणि सेन्सरचा सरकाव किती, हे एका सेन्सरवरून वेगळं करता येत नाही.

या यंत्राने काय दिसणार नाही तेही लिहून ठेवतो. पीसी-३ आणि पीआय-२ ही स्पंदनं नॅनोटेस्लाच्या आसपास किंवा आत असतात, सेकंदाच्या सरासरीत गोंगाटात बुडतात. पीसी-५, म्हणजे अडीच ते दहा मिनिटांच्या लहरी, वादळाच्या दिवशी दहा सेकंदांच्या सरासरीत पकडीत येतात. व्हिसलर आणि कोरस या प्लाझ्मा लहरी किलोहर्ट्झमधल्या. त्यांना तारेचं मोठं वेटोळं आणि साउंड कार्ड लागतं, ते काम वेगळं.

१० नोव्हेंबर २०२४, खर्च आणि फाइल

सेन्सर बोर्ड कस्टमसकट ४,५००, ईएसपी३२ ला ४५०, दोन बफर ६००, जीपीएस ४००, कार्ड ५००, पॅनेल १,२००, बॅटरी १,०००, चार्ज कंट्रोलर ४००, नळ्या आणि टोप्या ७००, जेलची केबल ६००, खोदाई ८००. बेरीज ११,१५० रुपये. वाया गेलेली केबल, चिकटणारे स्क्रू आणि तापमापक यात धरलेले नाहीत. बोर्डव्यतिरिक्त जवळपास सगळं नाशिकच्या एमजी रोडवर मिळतं, बफर मात्र मागवावा लागतो.

फाइलीत दर सेकंदाला एक ओळ: जागतिक वेळ, तिन्ही अक्षांची सरासरी, त्या सेकंदातल्या ४० मोजण्यांची पसरण, सेन्सरचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट. पसरणीचा रकाना गाळू नका. ती अचानक वाढली की जवळ कुठेतरी मोटर किंवा गाडी सुरू झाली आहे, आणि सरासरीवरून ते कळत नाही. पाणसळ पुढच्या मे महिन्यात पुन्हा लावून बघायची आहे, माळाच्या खालच्या अंगाची काळी माती तडकल्यावर.